भावकी ग्रुप: सामाईक डोंगराचं काय करायचं?

सुशांत (पुणे): सगळ्यांना नमस्कार. डोंगरावर जंगल करू या का? इकडे एकांनी मियावाकी पद्धतीनं केलंय. चौरस मीटरला तीन-चार रोपं, एकदम दाट. मुंबईकरांनी वर्गणी काढली तर जूनमध्येच लावू.

बाळाकाका (गाव): वर्गणी राहू दे, आधी वर येऊन बघ. मागच्या तोडीतल्या ऐन-किंजळीच्या खुंटांना पुरुषभर फुटवे आलेत. मुळं जुनी नि खोल, नवं रोप त्यांची काय बरोबरी करणार? पण गुरं शेंडे खातात आणि उन्हाळ्यात वणवा लागतो. निम्म्या वेळा आग आपलीच, भाताच्या रोपांसाठी शेतात राब (पालापाचोळा) भाजताना वर गेलेली.

नंदाआत्या: म्हणजे लावायचंच नाही काही?

बाळाकाका: जिथे उघडं पडलंय तिथे लावू. पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला करंज, जांभूळ, रातांबा. वर बेहडा, उंबर. बी आपल्या देवराईतलंच. जांभळाचं बी साठवून ठेवू नका, रुजत नाही. ताजं असतानाच पुरा. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नको. आणि सड्याला, म्हणजे वरच्या उघड्या कातळाला, हात लावायचा नाही! पावसात कातळावर फुलतं ते उन्हातलं, सावलीत टिकत नाही. तिथे माती ओतून झाडं लावणं म्हणजे खुळेपणा.

वहिनी (ठाणे): काका, विहिरीचं पाणी वाढेल का हो? मे महिन्यात फार हाल होतात.

बाळाकाका: तसा शब्द देत नाही. पाचोळा राहिला की पाऊस जिरतो, माती पऱ्यात वाहून जात नाही, एवढं नक्की.

विजूदादा: सगळं खरं. पण ठेकेदार झाडांचे पैसे रोख देतोय आणि सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. पोराची फी जंगल भरणार का?

नंदाआत्या: विजू, तो ढोलीचा बेहडा तरी देऊ नको रे. धनेश पक्ष्याची मादी त्यात स्वतःला कोंडून घेते, नर फटीतून फळं भरवतो. रोपाला ढोली व्हायला आपला जन्म पुरायचा नाही. आणि उंबराच्या बिया डोंगरभर टाकतो कोण? तोच.

सुशांत: मग वर्गणी रोपांऐवजी गुरं अडवायला गडग्याला (दगडी कुंपणाला) आणि वणवा अडवायला जाळरेषेच्या, म्हणजे गवत काढलेल्या पट्ट्याच्या, मजुरीला वापरू? काका, जाळरेषा कधी काढायची?

बाळाकाका: भात झोडून झालं की. गवत वाळायच्या आत.

विजूदादा: बेहड्याकडची बाजू सोडली. बाकीच्या हिश्शाचं गणपतीत समोरासमोर बोलू. ठेकेदाराला तोवर थांबवतो.

वहिनी (ठाणे): गडग्याचे आमचे धरा 👍