मदत हवी आहे: फूड डिलिव्हरीच्या बिलातलं रायडरला नक्की काय मिळतं? टीप किती आणि कशी द्यावी?

शंकासुर
फूड डिलिव्हरी ॲपच्या बिलात पदार्थांच्या खाली हल्ली पाच-सहा ओळी असतात. डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म किंवा सर्व्हिस फी, छोट्या ऑर्डरवरचा जादा आकार, पाऊस-गर्दीचा जादा आकार, पॅकिंग, कर. त्याखाली टीपची बटणं. जाणकारांकडून एवढं हवंय:
१) यातलं रायडरच्या हातात काय पडतं?
२) टीप टक्क्यांत द्यावी की ठरावीक रकमेत? आधी की नंतर? ॲपमधून की रोख?
३) 'फ्री डिलिव्हरी'ची मेंबरशिप घेतली तर रायडरचे पैसे कापले जातात का?
टीप द्यावी की देऊ नये हा वाद कृपया इथे नको.

बिलकुल_बरोबर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: टीप सोडली तर यातली कुठलीच ओळ 'रायडरची' नाही. डिलिव्हरी फी म्हणजे कंपनीने ग्राहकाला लावलेला भाव. रायडरचं मानधन वेगळ्या सूत्राने निघतं: अंतर, लागणारा अंदाजे वेळ, त्या घडीला रस्त्यावर किती रायडर आहेत, वर काही इन्सेंटिव्ह. दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले नसतात. म्हणून डिलिव्हरी फी शून्य दिसली तरी रायडरला काहीतरी मिळतंच, आणि ती दुप्पट दिसली म्हणून त्याला दुप्पट मिळत नाही. पावसाच्या जादा आकाराचंही तेच. त्या वेळी रायडरला बोनस असू शकतो, पण तुम्ही भरलेली रक्कम जशीच्या तशी पुढे जाते असं धरू नका.

खरा खर्च बहुतेक वेळा फीच्या ओळींत नसतोच, तो मेन्यूच्या भावात असतो. ॲप रेस्टॉरंटकडून कमिशन घेतं, साधारण १५ ते ३० टक्के. ते भरून काढायला बरीच रेस्टॉरंटं ॲपवरचे भाव चढे ठेवतात. काल्पनिक आकडे घेऊन मांडतो (कर सोडून):

दुकानातला भाव १०० धरा. ॲपवर तोच ११५. डिलिव्हरी १०. सर्व्हिस फी ११५ च्या १० टक्के, म्हणजे ११.५. एकूण १३६.५. आता '२० टक्के सूट' लावा: ११५ वर २३ कमी, एकूण ११३.५. त्यात डिलिव्हरी फ्री केली तरी १०३.५. सूटही मिळाली, डिलिव्हरीही फुकट, तरी दुकानापेक्षा महागच.

तपासायचं असेल तर तोच पदार्थ, तेवढाच आकार, रेस्टॉरंटच्या स्वतःच्या मेन्यूत बघा. सर्व्हिस फी सूट लागण्याआधीच्या रकमेवर काढली आहे की नंतरच्या, तेही पाहा. त्या ओळीशेजारी 'i' असं छोटं चिन्ह असतं, दाबल्यावर बऱ्याचदा खुलासा येतो.

पायरी_क्रमांक_सात
टीपबद्दल. टक्केवारी ही हॉटेलात टेबलावर वाढणाऱ्यांसाठी ठीक, कारण बिल मोठं तेव्हा बहुधा कामही मोठं. डिलिव्हरीत तो संबंध तुटतो. महाग पण हलकी पिशवी दीड किलोमीटरवर नेणं सोपं. स्वस्तातल्या पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके नऊ किलोमीटर नेऊन चार जिने चढवणं अवघड. टक्केवारीने पहिल्याला जास्त मिळतं.

म्हणून आधी एक किमान रक्कम ठरवा, जी कितीही लहान ऑर्डरला द्यायचीच. मग वाढवा: अंतर जास्त असेल तर, जड किंवा सांडणारं सामान असेल तर, लिफ्ट नसेल तर, पार्किंग लांब असेल तर, धो-धो पाऊस असेल तर. अंतर मोजताना लक्षात ठेवा की रायडरला रिकामं परतही यावं लागतं, आणि परतीचे सहसा पैसे नसतात. रेस्टॉरंटात ताटकळण्याचेही बऱ्याच ठिकाणी नसतात. गर्दीच्या वेळी वीस मिनिटं काउंटरसमोर उभं राहणं ही नेहमीची गोष्ट.

टक्केवारीचंच बटण दाबायचं असेल तर ते कोणत्या रकमेवर चाललंय ते बघा. काही ठिकाणी सूट वजा करून उरलेल्यावर टक्के काढतात. कूपन तुम्हाला मिळालं, रायडरचे कष्ट तेवढेच राहिले. सूट धरण्याआधीची पदार्थांची बेरीज हा योग्य पाया. उलट काही ठिकाणी कर आणि फी धरून टक्के काढतात, तेही चूकच, फक्त दुसऱ्या बाजूने.

शंकासुर
आधी की नंतर, हे राहिलं. आधी दिली आणि वाईट सेवा मिळाली तर?

पायरी_क्रमांक_सात
ॲप रायडरला काय दाखवतं त्यावर ते ठरतं. काही ॲप ऑर्डर स्वीकारण्याआधी रायडरला टीपसह अंदाजे कमाई दाखवतात. तिथे आधी दिलेली टीप ही लिलावातल्या बोलीसारखीच असते. कमी कमाईची, लांबची ऑर्डर एकामागून एक रायडर नाकारतात आणि तोवर जेवण काउंटरवर गार होतं. 'रायडर शोधत आहोत' बराच वेळ दिसत राहिलं तर बहुतेक वेळा हेच कारण. रेस्टॉरंटला फोन करून उपयोग नसतो, जेवण तयार पडलेलं असतं. जिथे स्वीकारण्याआधी टीप दिसत नाही, तिथे नंतर दिली तरी वेगात फरक नाही.

मधला मार्ग: किमान रक्कम आधी, अवघड काम होतं असं दिसलं तर वरची नंतर. बरीच ॲप डिलिव्हरीनंतर ठरावीक मुदतीत टीप वाढवू देतात. मात्र मोठी टीप दाखवून ऑर्डर पटकन उचलवायची आणि दारात पिशवी मिळाल्यावर ती शून्यावर आणायची, हे काही लोक करतात. ते निव्वळ फसवणं आहे. नापसंती दाखवायला रेटिंग आणि तक्रार आहेत.

कलम_कसाई
'टीपचे १०० टक्के रायडरला' या वाक्यावर थोडं. ते खरं असूनही फसवं असू शकतं, आणि तसं घडलेलं आहे.

अमेरिकेत डोअरडॅश या फूड डिलिव्हरी ॲपची जुनी पद्धत अशी होती: प्रत्येक ऑर्डरला रायडरला एक हमी रक्कम दाखवायची, टीप आधी त्या हमीत जिरवायची, उरलेलं कंपनीने भरायचं. कंपनीचा स्वतःचा किमान वाटा १ डॉलर. समजा हमी ७ डॉलर. टीप शून्य असेल तर कंपनी ७ देणार. टीप ३, तर कंपनी ४. टीप ६, तर कंपनी १. तिन्ही वेळा रायडरला ७ च. टीप पूर्ण रायडरला गेली, पण फायदा कंपनीला झाला. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर ही पद्धत बदलली. वॉशिंग्टन डीसीशी २०२० मध्ये २५ लाख डॉलरची तडजोड झाली, आणि न्यूयॉर्क राज्याशी २०२५ मध्ये १ कोटी ६७.५ लाख डॉलरची. ॲमेझॉन फ्लेक्सला (ॲमेझॉनची डिलिव्हरी सेवा) तर रायडरांच्या अडवलेल्या टीपपोटी २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेशी ६ कोटी १७ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

तेव्हा ॲपच्या मदत विभागात नेमकं हे वाक्य शोधा: टीप 'मूळ मानधनाच्या वर' दिली जाते का? 'पूर्ण टीप रायडरला मिळते' एवढंच लिहिलं असेल तर अर्धं उत्तर मिळालं.

कायद्यानेही चित्र बदलतं. कॅलिफोर्नियात २०२० च्या प्रस्ताव २२ नुसार (मतदारांनी मंजूर केलेला, ॲपवर काम करणाऱ्यांचा कायदा) किमान वेतनाच्या १२० टक्के हमी आहे आणि टीप त्यात धरता येत नाही. पण ती हमी ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतच्या वेळेची, रिकामं थांबण्याची नाही. न्यूयॉर्क शहरात डिसेंबर २०२३ पासून टीप सोडून तासाला किमान १७.९६ डॉलर लागू झाले (पुढे वाढले). त्यानंतर तिथल्या मोठ्या ॲपनी टीपचं बटण ऑर्डर झाल्यानंतरच्या पडद्यावर ढकललं. सिॲटलमध्ये २०२४ ला किमान मानधनाचा नियम आला, तेव्हा डोअरडॅशने ऑर्डरमागे ४.९९ डॉलरची नवी फी लावली. बिलात 'नियामक' असल्या नावाची ओळ दिसली तर ती रायडरची टीप समजू नका. भारतात डिलिव्हरी फीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तो सरकारजमा.

बिलकुल_बरोबर
मेंबरशिपचं राहिलं होतं. रायडरच्या मानधनाशी तिचा थेट संबंध नाही. तुमच्या खिशाचा हिशोब सोपा आहे: महिन्याची वर्गणी भागिले एका ऑर्डरमागे खरोखर वाचणारी रक्कम. उत्तर तुमच्या महिन्याच्या ऑर्डरींपेक्षा मोठं आलं तर घेऊ नका. गोम 'खरोखर' या शब्दात. माफ होते ती बहुधा फक्त डिलिव्हरी फी, तीही ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला आणि ठरावीक अंतरात. सर्व्हिस फी आणि चढे भाव तसेच. किमान रक्कम गाठायला गोड पदार्थ वाढवला की बचत तिथेच संपली.

शंकासुर
उत्तम माहिती, धन्यवाद. रोख टीपचं काय? आणि जिन्नस कमी आला तर टीप कमी करणं योग्य का?

हरवलेली_चटणी
दुसऱ्याचं आधी. जिन्नस कमी आला तर बहुतेक वेळा चूक रेस्टॉरंटच्या पॅकिंगची असते. पिशवी सीलबंद मिळते, रायडरला ती उघडता येत नाही. टीप कापू नका, आणि तक्रार करताना प्रकार नीट निवडा: 'पदार्थ आला नाही' किंवा 'चुकीचा पदार्थ'. घाईत 'डिलिव्हरीत अडचण' निवडलं तर शेरा रायडरच्या खात्यावर पडू शकतो, आणि असे शेरे साठले की खातं बंद होतं. सील तुटलेलं, सांडलेलं, भलत्या पत्त्यावर ठेवलेलं, अशा वेळी मात्र डिलिव्हरीचाच प्रकार निवडा आणि पिशवी उघडण्याआधी फोटो काढा.

रोख टीप लगेच हातात पडते, हा तिचा मोठा गुण. पण ऑर्डर उचलताना रायडरला ती दिसत नाही. सूचनेत 'रोख टीप देईन' लिहिण्यात अर्थ नाही. सूचना अनेकदा स्वीकारल्यानंतरच उघडते आणि त्यावर कोणी विसंबत नाही.

एका प्रसंगी मात्र रोखच द्या: डिलिव्हरी रेस्टॉरंटचाच माणूस करणार असेल तेव्हा. 'हे रेस्टॉरंट स्वतः डिलिव्हरी करते' अशी बारीक ओळ असते किंवा नकाशावर रायडर हलताना दिसत नाही. अशा ऑर्डरची ॲपवरची टीप रेस्टॉरंटच्या खात्यात जाते, पुढे ती माणसाला द्यायची की नाही हे मालकावर.

पायरी_क्रमांक_सात
यात एक जोड. टीपइतकंच मोल नीट लावलेल्या पिनला आहे. मानधनातलं अंतर नकाशावरच्या पिनपर्यंत मोजतात. पिन किलोमीटरभर चुकली तर पुढचा किलोमीटर रायडरचा फुकट. पिन इमारतीच्या मधोमध न लावता गाडी जिथे थांबू शकते त्या गेटवर लावा. सूचनेत विंग, मजला, लिफ्ट आहे का, आणि सुरक्षारक्षक आत सोडतात का, एवढंच. लांबलचक सूचना हेल्मेट घातलेला माणूस वाचत नाही.

ॲपने रायडरला एकाच फेरीत दोन ऑर्डर दिल्या असतील तर तुमची पिशवी आधी दुसऱ्या पत्त्यावर फिरून येऊ शकते. तो मार्ग ॲपने ठरवलेला असतो. उशिराचा राग रायडरवर काढू नका.

शंकासुर
कॅश ऑन डिलिव्हरी असेल आणि सुट्टे परत घेतले नाहीत, तर ते त्याचेच ना?

हरवलेली_चटणी
गृहीत धरू नका. बिलाची रोकड त्याला कंपनीकडे भरावी लागते, आणि काही ॲपमध्ये जास्तीची रक्कम ग्राहकाच्या वॉलेटमध्ये जमा दाखवायची सोय असते. बिलाचे पैसे मोजून वेगळे द्या, टीप वेगळी हातात ठेवा आणि 'ही तुमच्यासाठी' असं म्हणा. नंतर वॉलेट उघडून तीच रक्कम तिथे जमा झालेली नाही ना, तेवढं बघा.