आगमनकाळात दुपटी शिवताना मनन कसे करावे?

सुईदोरा (मिरज):
सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळातील शिवणकाम मी गेली काही वर्षे पाहते. आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारी, उपासना संपल्यावर, आम्ही पंधरा-वीस जणी एकत्र बसून क्रोशाचे रुमाल, लोकरीच्या टोप्या, कापडी तारे अशा वस्तू करतो आणि त्यांच्या विक्रीचे पैसे गरजू कुटुंबांना देतो. त्याबद्दल मनात काहीच किंतु नाही. परंतु गेल्या वर्षी मागणी वाढली, हात घाईला आले, सुरुवातीचे वाचन पाच मिनिटांवर आले आणि शेवटच्या रविवारी तर ते राहूनच गेले. त्या संध्याकाळी घरी परतताना माझ्या पिशवीत बावीस तारे होते, पण त्या दिवशीचा शास्त्रभाग (बायबलमधील उतारा) कोणता होता हे काही केल्या आठवेना. ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

यंदा विक्रीऐवजी प्रसूतिगृहातील नवजात बाळांसाठी जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवावीत असा विचार आहे. माझ्या दिवंगत आईची दोन नऊवारी लुगडी ट्रंकेत आहेत. ती कापायला हात धजत नाही आणि नुसती ठेवून देणेही बरे वाटत नाही. दुपटी शिवताना कोणती काळजी घ्यावी, आणि चार रविवारांच्या मननासाठी कोणते शास्त्रभाग घ्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली):
ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील एका साध्या शब्दात आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरीयेने बाळ येशूला ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ असे म्हटले आहे. भाषांतरकारांनी येथे भारदस्त शब्द शोधला नाही. कोणत्याही बाळंतिणीच्या खोलीत ऐकू येणारा शब्दच त्यांनी घेतला, याबद्दल मला त्यांचे फार ऋण वाटते. बाळंते म्हणजे जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा, रोज ओला होणारा आणि रोज धुऊन दोरीवर पडणारा. पुढे बाराव्या वचनात देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो, तेव्हाही तेच बाळंते आणि तीच गव्हाणी. सभोवती प्रभूचे तेज प्रकाशत असताना दिलेली खूण एवढीच होती. देवपुत्राच्या अंगाला या जगात लागलेले पहिले कापड कोणी कातले असेल, कोणी विणले असेल, याचा विचार करत एक रविवार सहज जाईल.

म्हणून माझे मत असे की चार वेगवेगळे शास्त्रभाग घेऊच नयेत. लूक २:१ ते २० हाच भाग चारही रविवारी एका जणीने सावकाश वाचावा, अर्धा तास कोणीही न बोलता टाके घालावेत आणि मग जिला जो शब्द लागला असेल तिने तो सांगावा. हात गुंतलेले असले की कान अधिक नीट ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

धावदोरा (वाई):
कृष्णाकाठ यांचे म्हणणे पटले, तरी एक रविवार प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ साठी ठेवावा अशी माझी विनंती आहे. यापो येथील टबीथा वारली तेव्हा विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिच्या तोंडचे एकही वाक्य शास्त्रात नाही. तिच्या हातचे कपडे मात्र आहेत.

आता कामाविषयी. ‘दुपटे’ या शब्दातच दोन पदर आहेत, त्याहून अधिक घालू नयेत. गोधडीसारखे जाड दुपटे तान्ह्या बाळाला जड होते आणि लवकर वाळतही नाही. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर भरते, त्यातून मीटरभर चौरस दुपदरी चार दुपटी निघतात. कापड खळ पूर्ण निघेपर्यंत धुवावे आणि दोराही आधी भिजवून पाहावा, कारण लाल दोऱ्याचा रंग हमखास जातो. दोन्ही पदर सतरंजीवर ताणून पसरावेत, कच्चे टाके घालावेत आणि मग गोधडीप्रमाणेच कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत यावे. प्रत्येक गाठ दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्यावी. टिकल्या, मणी, लेस काहीही नको. सुटा दोरा तर अजिबात राहू देऊ नये, कारण तो बाळाच्या बोटाला आवळून बसला तर रक्त अडते आणि बाळ का रडते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माणदेशी (आटपाडी):
दुपट्यांविषयी मला फारसे कळत नाही, परंतु मेंढपाळांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्याकडील धनगर कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात, रात्री कुणाच्या तरी शेतात वाघर (जाळीचे कुंपण) लावून कळप बसवतात आणि घोंगडी पांघरून राखण करतात. ‘रानात राहून रात्री कळप राखणारे’ हे शब्द मी वाचतो तेव्हा मला तीच माणसे दिसतात. त्यांच्या मेंढरांच्या काळ्या, भरड लोकरीची घोंगडी सणगर विणकर खड्डामागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात. नवी घोंगडी अंगाला टोचते. वापरता वापरता ती मऊ होते. गव्हाणीच्या देखाव्यात हिरव्या कागदाऐवजी अशी एक घोंगडी अंथरावी आणि आपणही शिवायला तिच्यावरच बसावे, असे सुचवतो.

सुईदोरा (मिरज):
सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार लूक आणि एक रविवार टबीथा, असे ठरवले आहे. घोंगडीही मिळवते. काल धीर करून आईचे एक लुगडे भिजवून वाळत घातले. उन्हात धरल्यावर काठाजवळ तिने केलेले बोटभर रफू दिसले, इतके बारीक की आजवर ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. तो भाग आत न घेता वर ठेवावा असे फार वाटते. ते बाळाला टोचेल का?

धावदोरा (वाई):
रफूला सहसा गाठ नसते. डोळे मिटून त्यावर गाल टेकवून पाहा. आपल्याला लागले नाही, तर वर ठेवा.