ईव्हीची पुढची डिकी का तापते?

सातारकर: खंबाटकी चढून आल्यावर पुढची डिकी आतून गरम लागते. इंजिन नाही, मग उष्णता कुठून? कंदी पेढे ठेवावेत का?

कृष्णाकाठ: रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर पुढेच असतात. त्यांची गरम हवा टबाखालून (डिकीच्या प्लास्टिकच्या खोक्याखालून) मागे जाते. फास्ट चार्जिंगला जास्त त्रास: बॅटरी थंड ठेवायला पंखा जोरात आणि गाडी उभी, समोरून वारा नाही. वर बॉनेटवर ऊन.

मिरजवाला: टबाच्या आतून १० मिमी नायट्राइल फोम (उष्णता अडवणारा रबरी फोम) चिकटवा. निचऱ्याचं भोक मोकळं ठेवा, नाहीतर पाणी साचतं. टब काढायचा असेल तर सर्व्हिस सेंटरलाच. खाली केशरी हाय-व्होल्टेज केबल असू शकतात.

कृष्णाकाठ: फोमने तापणं लांबतं, थांबत नाही. पेढे केबिनमध्येच. इन्सुलिन, पॉवर बँक, स्प्रेचे डबे तर डिकीत अजिबात नकोत.