रोजचे काम ईश्वरार्पण करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

प्रश्न: लेखापाल, बडोदे

नमस्कार. मी येथील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आत जीएसटीची रिटर्न भरायची असतात आणि पुरवठादाराने बिल वेळेवर चढवले नाही, की आमचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकते व बोलणी मला खावी लागतात. घरी पूजेनंतर 'कृष्णार्पणमस्तु' म्हणून ताम्हनात पाणी सोडण्याची रीत आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातील 'यत्करोषि यदश्नासि' हा 27वा श्लोक नीट वाचल्यापासून मी कचेरीतले कामही मनातल्या मनात असेच अर्पण करू लागलो. परंतु ज्या शांतीच्या अपेक्षेने हे सुरू केले, ती काही मिळत नाही. पूजा देवासाठीच असते, आकडेमोड मात्र कंपनीसाठी असते. मग ती देवाला अर्पण करणे म्हणजे नेमके काय? 'देवाला वाहिले' असे एकदा म्हटले, की चुकीची जबाबदारी कोणाची? आणि वरिष्ठ नियमात न बसणारी नोंद करायला सांगतात, तेव्हा तीही अर्पण करायची का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त संस्कृत शिक्षक, रावपुरा

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा असल्यामुळे तो आधी घेतो. विटलेले अन्न आपण नैवेद्याच्या पानात वाढत नाही. तसेच जे काम मुळात करण्याजोगे नाही, ते अर्पण केल्याने शुद्ध होत नाही. ती नोंद करू नये आणि तसे वरिष्ठांना सांगावे, एवढेच त्याचे उत्तर आहे.

जबाबदारीविषयी आपल्याला पडलेली शंका अनेकांना पडते, कारण समर्पण आणि हात झटकणे ही एकच गोष्ट आहे असा समज फार पसरलेला आहे. अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना गीता त्याला आसक्ती व अहंकार यांपासून मुक्त म्हणते. पण त्याच श्लोकात तो धैर्य आणि उत्साह यांनी युक्त असतो, असेही सांगते. आळस आणि चालढकल तिने दोनच श्लोक पुढे तामस कर्त्याच्या खात्यात टाकली आहे. म्हणजे ताळमेळ दोनदा तपासणे, चूक सापडल्यास ती आपणहून सांगणे आणि दुरुस्त करणे, हे सर्व अर्पणाच्या आतच येते. सोडायची असते ती 'माझे नाव झाले पाहिजे' ही धडपड. होमात आहुती दिल्यावर 'इदं न मम' म्हणतात, ते आहुती नीट दिल्यानंतर; तूप सांडून तसे म्हणण्यात अर्थ नाही.

आपण आरतीनंतर 'घालीन लोटांगण' म्हणत असाल, तर त्यातले 'कायेन वाचा मनसेंद्रियैर्वा' आपल्या तोंडी रोज येते. हा मूळचा भागवताच्या एकादश स्कंधातील श्लोक आहे आणि संत एकनाथांनी काशीत 1573 साली पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेत त्याचा विस्ताराने विचार केला आहे. शरीर, वाणी, मन, इंद्रिये, बुद्धी आणि स्वभाव यांच्याकडून जे जे घडते ते सर्व नारायणाला, असा त्याचा आशय आहे. त्यात पूजेचे काम आणि पोटाचे काम अशी विभागणी कोठेही नाही.

उत्तर: डबेवाल्या काकू, फतेहगंज

सरांचे म्हणणे मान्य आहे, पण आपली अडचण मला वेगळी वाटते. आपण काम संपल्यावर ते अर्पण करता. तोवर तर सगळी चिडचिड होऊन गेलेली असते! मी विद्यापीठातील मुलांना जेवणाचे डबे पुरवते. पोळ्या लाटताना मन महिनाअखेरच्या येण्या-देण्यात अडकले, की पोळी करपते, आणि ती करपलेली पोळी मागाहून कोणाला अर्पण करणार?

विनोबांचे शालेय शिक्षण आपल्या बडोद्यात झाले, हे येथील पुष्कळ मराठी माणसांनाही ठाऊक नसते. त्यांच्या आई रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि त्या रोज दाणे मोजून वाहत. वडील हिशेबी वृत्तीचे. त्यांनी सुचवले, की एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावेत. आईंना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले, की हा गणिताचा प्रश्न नाही. एकेक दाणा मोजताना देवाचे स्मरण होते, त्यासाठी हे मोजणे आहे. वडिलांचा हिशेब चुकीचा नव्हता, लाख दाणे देवापुढे पडलेच असते. पण त्या वाहण्यातले स्मरण गेले असते.

तेव्हा रिटर्न भरून झाल्यावर नव्हे, तर पहिले बिल उघडताना एकदा नाव घ्या आणि मग हातातल्या बिलाकडेच लक्ष द्या. सावता माळ्यांनी कांदा-मुळ्यातच विठाई पाहिली आणि जनाबाईंनी दळता-कांडताना अनंताला गायिले. काम उरकल्यावर वेगळी वेळ काढून नव्हे.

उत्तर: कामगार, मकरपुरा

थोडी भर घालतो. फळ सोडणे म्हणजे हक्क सोडणे, असा सोयीस्कर अर्थ आमच्याकडे काही मंडळी लावतात आणि ओव्हरटाइम मागितला की निष्काम कर्माचा उपदेश करतात. गीता ज्याला सांगितली, त्याला रणातून परत जाऊ दिलेले नाही. आपण दुसऱ्याच्या चुकीसाठी बोलणी खात असाल, तर पुरवठादाराला लेखी कळवून त्याची प्रत वरिष्ठांकडे पाठवणे हेही आपले कामच आहे. तेही अर्पण करता येईल.

रावपुऱ्याचे निवृत्त शिक्षक, पुन्हा

काकूंचे उत्तर माझ्यापेक्षा नेमके आहे. केवळ शांतीविषयी लिहायचे राहिले. बाराव्या अध्यायात भगवान पायऱ्या उतरत येतात: मन माझ्यात ठेव, ते जमत नसेल तर अभ्यास कर, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, आणि तेही जमत नसेल तर कर्मफलाचा त्याग कर. शांतीचा उल्लेख त्यानंतर 12व्या श्लोकात येतो आणि तेथे ती फलत्यागामागून येणारी म्हणून सांगितली आहे. आपण शांती मिळावी म्हणून अर्पण करता, म्हणजे एक फळ सोडून दुसरे मागता. ती मिळाली की नाही, हे रोज तपासणे काही काळ थांबवून पाहावे.

लेखापाल, बडोदे

सर्वांचा आभारी आहे. बिल उघडताना नाव घेण्याचा प्रयोग या महिन्याच्या रिटर्नपासून करतो, आणि पुरवठादाराला पत्र आजच पाठवतो. त्या नोंदीबद्दल वरिष्ठांशी बोलणे मात्र अवघड आहे. असा प्रसंग कोणी निभावला असेल, तर शब्द कसे योजले ते अवश्य लिहावे.