ठिकाणाची नोंद नसलेली तीन प्रवासछायाचित्रे: शांत कालवा, लाटांच्या नक्षीचा चौक आणि माळावरचा रस्ता

पाऊलवाट

आमच्या नात्यातील एका हौशी प्रवाशाच्या रंगीत स्लाइड मी सध्या स्कॅन करत आहे. बहुतेक स्लाइडवर ठिकाणाचे नाव लिहिलेले आहे, परंतु तीन कोऱ्या आहेत आणि त्यांविषयी सांगू शकेल असे आता कोणी हयात नाही. चित्राआधारे शोध घेतल्यास सारखी दिसणारी असंख्य चित्रे समोर येतात, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिल्या छायाचित्रात एक अतिशय शांत कालवा आहे. दुतर्फा उंच, ठिपकेदार सालीची झाडे असून त्यांच्या फांद्या पाण्यावर एकमेकींना भिडल्या आहेत. काठाने पायवाट जाते आणि एक रुंद पांढरी बोट बांधून ठेवलेली दिसते. उजव्या कडेला लाकडी दारे असलेली एक दगडी कुंडी आहे, जिच्या भिंती सरळ नसून बाहेरच्या बाजूला फुगल्या आहेत. तिच्या शेजारी एक लहानसे घर आहे. दुसऱ्या छायाचित्रात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची फरसबंदी असलेला चौक, कमानी असलेल्या पिवळ्या व गुलाबी इमारती आणि भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशीची एक अस्पष्ट पाटी आहे. तिसऱ्यात हिरवा माळ, दगड रचून केलेले बांध आणि डाव्या बाजूने धावणाऱ्या गाड्या आहेत; रस्त्याच्या कडेला तुटक पिवळी रेषा असून वळणावर कोनावर उभी केलेली पिवळी चौकोनी पाटी दिसते.

दीपस्तंभ

कालव्यातील बोटींची हौस इंग्लंडमध्ये फार जुनी आहे, त्यामुळे पहिले छायाचित्र मला तेथील वाटते. लाटांची फरसबंदी मात्र निःसंशय लिस्बनच्या रोसिओ चौकातील असावी. १९ व्या शतकाच्या मध्यात केलेली ती नक्षी फार प्रसिद्ध आहे.

कोनाडा

दोन्ही बाबतींत माझे मत वेगळे आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे योग्य होईल. शांत पाणी आणि झाडांची सावली कोणत्याही देशात सापडते, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरत नाही. ठिकाण ओळखायचे असेल तर तेथील माणसांना त्या जागेच्या गरजेमुळे जे बांधावे लागले, त्याकडे पाहावे. या चित्रात ती गोष्ट म्हणजे आपण कुंडी म्हटलेले बांधकाम, अर्थात बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे लॉक. इंग्लंडमधील पुष्कळशा जुन्या कालव्यांची लॉक सरळ भिंतींची आणि जेमतेम ७ फूट रुंदीची आहेत, म्हणूनच तेथे लांब व अरुंद बोटी रूढ झाल्या. फुगीर, लंबवर्तुळाकार लॉक ही दक्षिण फ्रान्समधील कनाल द्यु मिदीची ओळख आहे. पिएर-पॉल रिके यांच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला हा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या एतांग द तो या खाजणापर्यंत जातो. सुरुवातीच्या बांधकामात लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने कोसळली, आणि नंतर कमानीसारखा दाब पेलणाऱ्या वक्र भिंती स्वीकारण्यात आल्या.

ठिपकेदार सालीची झाडे म्हणजे चिनाराच्या कुळातील प्लेन वृक्ष. ते या काठावर मुख्यतः १९ व्या शतकात लावले गेले. २००६ मध्ये तेथे एक घातक बुरशीजन्य रोग आढळला आणि त्यानंतर हजारो झाडे तोडावी लागली. आपल्या छायाचित्रातील फांद्यांची कमान अखंड आहे, त्यामुळे ते त्यापूर्वीचे असण्याची शक्यता मोठी आहे. ती कमान गमावलेल्या काठांची आजची चित्रे पाहताना फार वाईट वाटते. ही स्लाइड जपून ठेवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

चौकाविषयी एवढेच, की लाटांची हीच नक्षी रोसिओप्रमाणे रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर, ब्राझीलमधील मानाउसला आणि मकाव या चीनच्या किनाऱ्यावरील पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीतील सेनादो चौकातही आहे. निळ्या-पांढऱ्या फरशीच्या पाटीवर पोर्तुगीज नावासोबत चिनी अक्षरे असतील तर मकाव निश्चित समजावे.

वळणरेषा

तिसऱ्या छायाचित्राबद्दल लिहितो. डावीकडून वाहने चालणाऱ्या देशांपैकी ब्रिटनमध्ये धोक्याच्या पाट्या लाल कडेच्या त्रिकोणी असतात, त्यामुळे स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसुद्धा बाद होतात. दक्षिण आफ्रिकेत कडेची रेषा पिवळी असली तरी पाट्या त्रिकोणीच आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कोनावर उभ्या पिवळ्या पाट्या दिसतात, परंतु तेथे रस्त्याची कडेची रेषा पांढरी असते. तुटक पिवळी कडरेषा, पिवळी पाटी आणि दगडी बांध ही तिन्ही एकत्र आली की आयर्लंडचे प्रजासत्ताक उरते. बांधाचे दगड राखाडी, चुनखडीचे असतील तर क्लेअर किंवा गॉलवे परगण्याचा विचार करावा. त्याहून नेमके ठिकाण या वर्णनावरून सांगता येणार नाही. दिशादर्शक पाटीवर गावाचे नाव सहसा आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते, तेव्हा चित्राच्या कडा बारकाईने तपासाव्यात.

पाऊलवाट

आपणा सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे. चौकाची स्लाइड अधिक रिझोल्यूशनने पुन्हा स्कॅन केली, तेव्हा पाटीवर पोर्तुगीज मजकुराबरोबर चिनी अक्षरे स्पष्ट दिसली, त्यामुळे तो प्रश्न सुटला. रस्त्याच्या चित्रात दुसरी कोणतीही पाटी नाही. कालव्यावरील नेमके लॉक कोणते, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

कोनाडा

आहे. लॉकशेजारचे ते लहान घर तेथील रखवालदाराचे असते, आणि अशा अनेक घरांच्या भिंतीवर लॉकचे नाव व दोन्ही दिशांच्या पुढील लॉकपर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहिलेली पाटी असते. नाव वाचता आले नाही तरी त्या दोन अंतरांपैकी एक आकडा लागला तरी नकाशावर जोडी जुळवता येईल. याशिवाय स्लाइड पुठ्ठ्याच्या चौकटीत असेल तर चौकटीच्या कडा तिरप्या उजेडात पाहाव्यात. कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मच्या पुष्कळ चौकटींवर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. सेनादो चौकाची फरसबंदी १९९०च्या दशकातील आहे, म्हणून त्या स्लाइडची तारीख त्याआधीची निघाली, तर मकावचा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागेल. घराच्या भिंतीचा भाग तेवढा मोठा करून येथे द्यावा, म्हणजे आकडे सर्वांना मिळून वाचता येतील.