मदत हवी आहे: २५० ओमच्या हेडफोनला वेगळा अॅम्प लागतोच काय?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. मामेभाऊ बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन देऊन गेलाय, २५० ओमवाला (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा). अँड्रॉइड फोनला अॅपलचा सी-टाइप डोंगल, म्हणजे हेडफोनची पिन फोनला जोडायचा छोटा अडॅप्टर, लावून ऐकायलोय.

सिनेमाची नवी गाणी झकास वाजतात. अडचण जुन्या मैफलींची. कुमार गंधर्व आमच्याच सुळेभावीचे, त्यामुळं वडिलांनी जमेल तिथनं कॅसेटी गोळा केल्या, मागाहून त्या कंप्युटरवर उतरवल्या. आवाज पूर्ण चढवला तरी विलंबितात तानपुरा पंख्याच्या घरघरीत बुडतो. हेडफोन मागनं उघडा, त्यामुळं पंखाही मैफलीत बसल्यासारखाच.

खडेबाजारातला दुकानदार म्हणतो, २५० ओम म्हणजे अॅम्पशिवाय, आवाजाला जोर देणाऱ्या डब्याशिवाय, भागणारच नाही. १२ हजारांचा डबा दाखवायलाय. घेऊ काय? की डोंगलच बदलू?

निपाणीवाला: डोळे झाकून घ्या. अॅम्प आला की बेस कसा फुलतो बघा.

खानापूरचा: जरा थांबा ओ. नुसत्या ओमवरनं काही ठरत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती विजेत किती आवाज निघतो ते, बघायला लागते. तुमचा हेडफोन १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देतो. डोंगलनं १ व्होल्ट दिला तर २५० ओममध्ये ४ मिलिवॉट जातात, म्हणजे १०२ डेसिबल. कान दुखायला तेवढे पुरे. उलट हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओमचा, पण १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याला खरा अॅम्प लागतो.

आता मेख अशी की अॅपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पूर्ण उघडतच नाही, निम्म्या व्होल्टच्या आसपास अडकतो. तोच डोंगल लॅपटॉपला लावून बघा, फुकटात कळतंय.

दुसरं, फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लाट पट्टीच्या पाव उंचीपर्यंतच जात असेल तर 'अॅम्प्लिफाय'नं १२ डेसिबल वाढवता येतात. अॅम्पनं तेवढंच मिळवायचं तर १ व्होल्टचे ४ करायला लागतील. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, कॉपीवर करा.

निपाणीकर, बेस फुलतो तो बहुतेक वेळा आवाज वाढल्यामुळं. दोन्हीकडचा आवाज सारखा करून ऐका, मग बोलू.

निपाणीवाला: बरं बाबा. पण पुढंमागं ६०० ओमचा घेतला तर?

खानापूरचा: घेतला तेव्हा बघू की.

मूळ धागाकर्ता: लॅपटॉपला लावला, फरक लगेच कळला. फोनवर आवाज अडकतच होता. ऑडॅसिटीत बऱ्याच फाइलींची लाट अगदी दोऱ्यासारखी बारीक दिसली. वाढवल्यावर तानपुरा मोकळा झाला, टेपची सळसळपण वाढली, पण ती चालतीय.

दोन-तीन मैफली मात्र तशाच राहिल्या. गाणं हळू, आणि टाळ्या, तबल्याची थाप पार वरच्या रेघेला टेकलेली. तिथं वाढवायला जागाच नाही.

खानापूरचा: त्यांच्यासाठी २ व्होल्टचा डोंगल घ्या, ६ डेसिबल जास्त मिळतील. फोनवर पूर्ण उघडतो काय तेवढं आधी विचारा. १२ हजार कशाला घालवताय.

मूळ धागाकर्ता: चालतंय. बेळगावात किंवा कोल्हापुरात असला डोंगल हेडफोनला लावून, ऐकून घेता येईल असं दुकान कुणाला माहीत आहे काय? ऑनलाइन मागवून परत पाठवायचा खटाटोप नको वाटतोय.