ग्रीन कार्डवर आणलेल्या आई-बाबांना दरमहा हातखर्च द्यावा का?

एडिसनची लेक:
२०१९ मध्ये आई-बाबांना साताऱ्याहून न्यू जर्सीला आणलं. मी इथली नागरिक, त्यामुळे त्यांच्या ग्रीन कार्डाला रांग नव्हती. घर आहे, जेवण आहे, औषधं आहेत. पण गेल्या हिवाळ्यात बाबांचे केस मानेवर आले तरी ते कापायला जाईनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "जावईबापूंकडे वीस डॉलर कसे मागायचे?" चौतीस वर्षं शिक्षक होते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला न चुकता देतात, पेन्शन साताऱ्याच्या बँकेत जमा होते, आणि इथे खिशात दमडी नाही. त्याच आठवड्यात दोघांची वेगवेगळी खाती उघडली. दरमहा तीनशे तीनशे डॉलर, आणि हिशोब विचारायचा नाही. माझं मत ठाम आहे: आणलंत तर हे द्यायलाच हवं.

सॅन होजेवाला:
पटत नाही. आय-८६४ या हमीपत्रावर सही करताना यांचा भार आम्ही उचलू असं आपण सरकारला लिहून देतो, आणि उचलतोही. पाच वर्षांनी मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळालं, पण इथे नोकरीची वर्षं नसल्याने ते विकत घ्यावं लागतं. २०२५ चा माणशी दर पार्ट ए (हॉस्पिटलचा) ५१८ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा) १८५. दोघांचे महिन्याला चौदाशे झाले. वर हातखर्च? माझ्या घरात ड्रॉवरमध्ये पैसे असतात, ज्याला हवे त्याने घ्यावे. आमच्या आजोबांना कोण हातखर्च देत होतं?

एडिसनची लेक:
आजोबांच्या नावावर सातबारा होता, दादा. त्यांच्यावर मागायची वेळच आली नाही. आणि त्या ड्रॉवरमधून तुमच्या आईने शेवटचे पैसे कधी घेतले, आठवून बघा.

कृष्णाकाठ:
मुळात नेलंतच कशाला? इथे पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे. माझे वडील उठतात, वाईला मित्राकडे जाऊन संध्याकाळी परत येतात, कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्याकडे गाडी चालवता येत नसेल तर दुधाच्या पिशवीलाही लेकीची वाट बघायची. तीनशे डॉलर देऊन ते भरून निघत नाही.

एडिसनची लेक:
ते नाहीच भरून निघत. पण २०१८ ला आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. मी पोचले तिसऱ्या दिवशी. ऑपरेशनच्या कागदावर शेजारच्या काकांनी सही केली होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. त्यानंतर त्यांना तिथे ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

दोन नातवांची आजी:
मी स्वतः डॅलसला लेकाकडे आहे, म्हणून लिहिते. सकाळी सातपासून नातवंडं माझ्याकडे असतात आणि मला ते आवडतं. पण देवळात गेले की दानपेटीत टाकायला सुनेकडून घेतलेली नोट हातात असते. ते दान माझं वाटत नाही, एवढंच.

सॅन होजेवाला:
आजी, नातवंडं सांभाळण्याचे पैसे घेतले तर तो पगार झाला. माझ्या आईला मी असं काही देऊ केलं तर ती दुखावेल.

दोन नातवांची आजी:
नातवंडांचे म्हणून देऊ नका. तुमचे वडील पगार आणून आईच्या हातात ठेवायचे ना, तसे ठेवा.

एडिसनची लेक:
आई पहिल्यांदा नकोच म्हणाली होती. तीन महिने खात्याला हात लावला नाही. मग तिच्या भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन पैसे भारतात कसे पाठवायचे ते शिकून घेतलं आणि पाचशे डॉलरचा आहेर केला.

सॅन होजेवाला:
म्हणजे तुमच्या कष्टाचे पैसे परस्पर मावशीकडे गेले. चाललं तुम्हाला?

एडिसनची लेक:
मला लग्नाचे फोटो आल्यावर कळलं. आहेराच्या पाकिटावर फक्त आई-बाबांची नावं होती.